पाणीघरातली खालची ओळ

बदनापूर,
दि. ९ नोव्हेंबर २०२५, रविवार

प्रिय मालनआक्कास,
वसंताचा जय भीम.

पाकिटावरचं अक्षर ओळखून पत्र चुलीत घालू नको. आधी वाच, मंग घाल. फोन तू घेत न्हाईस. धम्मपालला लावला तर "मामा, आई झोपली" म्हणतो. सकाळी लावा, दुपारी लावा, अकरा वर्षं आई झोपलेलीच! तुझ्या लेकाला खोटं बोलता येत न्हाई, आक्का, त्याला उगं त्या कामाला लावू नको.

इकडं सगळे बरे हाईत. सूनबाई मोनाली शिकवते ती शाळा दिवाळीनंतर चालू झाली. माझे गुडघे वाजून राह्यले. तुझ्या डोळ्याचं ऑपरेशन झाल्याचं घनसावंगीच्या जीपमधी एक माणूस सांगत होता, त्याच्याकडून कळलं. सख्ख्या भावाला अशी खबर कळावी! असो.

आपलं हिवरा रोडचं स्टेशन नीट करून राह्यलेत. निजामाच्या काळातलं, सव्वाशे वर्षांचं, म्हणून त्याला जुनं रूप परत द्यायचं ठरलं. मी तिथं तीस वर्षं तिकिटं फाडली अन् आपला बा तिथंच रेल्वेचा खलाशी होता, पडंल ते काम करणारा, म्हणून कमिटीनं मला 'जुने जाणकार' करून ठेवलंय. दर सकाळी पॅसेंजरनं जातो, संध्याकाळी डोकं धरून परत येतो.

काय सांगू तुला! दगडी कमानींना बदामी रंग फासला. दगडाला रंग! म्हटलं, काढा. तर पंधरा दिवस तो रंगच घासून राह्यले. वेटिंगरूमच्या सागवानी बाकाला असं वार्निश दिलं की आमचे अध्यक्ष धर्मराज पाटील ऐटीत बसले अन् उठताना धोतर बाकाला चिकटून राह्यलं. मी हसलो तर माझ्यावरच डोळे वटारले. भिंतीवर लावायला इंजिनाचा फोटो आणला, तो कुठल्या तरी डोंगरातल्या खेळण्याएवढ्या गाडीचा. म्हटलं, बाबांनो, हे इंजिन आपल्या लायनीवर ठेवलं तर दोन रुळांच्या मधी पडंल. तर ठेकेदाराचा माणूस म्हणतो, "काका, पब्लिकला काय कळतंय?" अरे, कळत न्हाई म्हणूनच मला इथं बसवलंय ना!

दोनच माणसं कामाची हाईत. एक शीतल मॅडम, पुण्याची, जुन्या इमारती दुरुस्त करायचं शिकलेली. दुसरा कल्याण, मंठ्याचा गवंडी. चुन्याचं काम येणारा आता तो एकटाच सापडला. बाकी सगळा आनंदीआनंद हाय.

आता पाणीघराचं सांगतो. तिकिटाच्या खिडकीमागची ती दगडी खोली, जिथं पूर्वी रांजण होते. पुढं तिथं कंदील ठेवायचे, मंग भंगार. साठ वर्षं कुलूप होतं. गेल्या गुरुवारी तिथली भिंत खरवडली. वरून पिवळ्या रंगाचे दोन हात निघाले, त्याखाली पांढरा चुना अन् चुन्याखाली काळी अक्षरं. उर्दूत अन् मराठीत. पहिली ओळ 'हिंदू पाणी'. दुसरी ओळ 'मुसलमान पाणी'. शीतल मॅडमनं तर टाळ्याच वाजवल्या. "काका, ओरिजिनल! हे असंच ठेवायचं, वर काच, आत दिवा!" धर्मराज पाटलांनी लगेच खाली उभं राहून फोटो काढून घेतला.

माझं डोकं सणकलं.

जरा उठून चहा घेऊन आलो. हे पुढचं लिहायला मला जमून न्हाई राह्यलं. तरी लिहितो.

बाचं पुण्यानुमोदन, बा गेल्यानंतरचा कार्यक्रम. दोन हजार चौदा साल. सगळी भावकी बसलेली, भन्तेजी बसलेले, अन् तू उठून बोलायला लागलीस. बा नागपूरला दीक्षा घेऊन आल्ता, त्यानंतर आठ-दहा दिवसांनी मोठ्या साहेबाची इन्स्पेक्शनची गाडी येणार होती. रिवाजाप्रमाणं बाच्या हातात चुन्याची बादली दिली: फलाटाच्या कडेचे दगड अन् लिंबाची खोडं पांढरी कर, चिंधीनंच मार, भिंतीला हात लावू नको, कुंचा मुकादमाजवळ राहील. अन् बानं भरदिवसा, अकराच्या गाडीची माणसं बघून राह्यली असताना, ती बादली पाणीघरात नेली अन् चिंधी बुडवून भिंतीवरच्या ओळी चुन्यानं पुसून टाकल्या. तू नऊ वर्षांची, भाकरी घेऊन गेल्तीस. "वरच्या दोन बानं पुसल्या," म्हणलीस, "खालची मी, या हातानं."

अन् मी काय म्हटलं? पाठ हाय मला. "आक्का, उगं तिखटमीठ लावू नको. मी बाचं सर्व्हिसशीट बघितलंय. त्यात फक्त 'आठ दिवस विनापरवाना गैरहजर' लिहिलंय, चुन्याचा एक शब्द न्हाई. अस्पृश्यतेचा कायदा आदल्याच साली झाल्ता, अशी अक्षरं सरकारी भिंतीवर राहतीलच कशी? अन् स्टेशनवर दोनच ओळी असायच्या. तिसरी कुठून आली?" साऱ्या भावकीसमोर, बाच्या फोटोला घातलेला हार ताजा असताना. तू भरलेलं ताट तसंच ठेवून उठलीस. मी मनात म्हटलं, रागानं गेली, येईल आठ दिवसांत.

मी कारकून माणूस, आक्का. कागदावर न्हाई ते झालंच न्हाई, असं माझं डोकं. चुना फासला म्हणून बाला आठ दिवस घरी बसवणारानंच तो 'गैरहजर' लिहिला असंल, एवढं सुद्धा मला सुचू नये! तीस वर्षं त्याच ऑफिसात असे शेरे मी माझ्या डोळ्यांनी बघितलेत, अन् बाच्या वेळेला माझी अक्कल कुठं चरायला गेल्ती कोण जाणे.

अजून एक हाय. तेच तीन दिवस सांगायचं टाळून राह्यलो. भिंत खरवडली म्हणून वर लिहिलं ना? ती मी खरवडून घेतली. मॅडमच्या नकाशात ते पाणीघर नव्हतं. मीच म्हटलं, मॅडम, तिथं काही जुनं असंल तर बघा. जाणकार म्हणून न्हाई सांगितलं. तिथं काहीच निघणार न्हाई अशी मला बिलकुल खात्री होती. कोरी भिंत निघाली की तिचा फोटो काढून तुला पाठवणार होतो. तुला खोटं पाडायला बाचा चुना मी माझ्या तोंडानं खरवडायला लावला. बानं झाकलेलं मी उघडं केलं अन् वर त्याच्यावर दिवा लावायचा घाट घातला. मला माझीच चप्पल काढून मारून घ्यावीशी वाटून राह्यली.

वरच्या दोन ओळी उघड्या झाल्यावर कल्याण गुडघ्यावर बसून खालचं खरवडायला लागला अन् थांबला. मला म्हणतो, "काका, इकडं या जरा. वरचा चुना खरवडताना मला डाऊट आल्ता, पण मला कोण इचारतंय. हा कुंच्याचा हात न्हाई, माणसाचा हात हाय. अन् हे खालचं बघा. हे लेकराचं काम हाय." बॅटरी आडवी धरली त्यानं. आक्का, चुन्यात बोटं उमटलीत. चार-चार बारीक बोटं, एकीकडून दुसरीकडं ओढलेली. माझ्या गुडघ्यापेक्षा जराशी वर. एका कोपऱ्यातून तेवढा चुना सुटलाय अन् 'अस्पृ' एवढंच अक्षर दिसून राह्यलंय. पुढचं मी वाचलं न्हाई, वाचायची गरज पण न्हाई. तिथं फरशीवर बसून मी रडलो. बहात्तर वर्षांचा बाप्या, कल्याणसमोर.

मंग मॅडमला सगळं सांगितलं. पोरगी वाईट न्हाई, तिचा चेहरा पडला. पण काय म्हणली माहीत हाय? "काका, गोष्ट फार मोठी हाय, पण कागद हाय का काही? कागद न्हाई, साक्षीदार न्हाई, तर मी वर काय दाखवू?" माझंच वाक्य माझ्या तोंडावर! कागद आणायचा तर सर्व्हिसशीट बाला गैरहजरच दाखवतं. सोमवारी, सतरा तारखेला, अकरा वाजता मोठे साहेब काम बघायला येणार हाईत. त्या दिवशी ठरंल ते कायम. धर्मराज पाटील तर मागं लागलेत की खालची ओळ पण जल्दी मोकळी करा, तीन ओळी मिळून फोटो बराबर येईल. कल्याणनं तोपर्यंत खोलीला कुलूप लावून किल्ली मला दिलीय. सोमवारनंतर त्या किल्लीचा काही उपयोग न्हाई.

ती बादली बघितलेलं माणूस तू एकटीच राह्यलीस. मी माफी मागायला लिहिलंय असं समज, साक्षीसाठी लिहिलंय असं समज, तुला काय समजायचं ते समज. पण ये. भिंतीवरची ती बोटं तू आली न्हाईस तर सोमवारी दुपारपर्यंत खरवडून टाकतील.

तू खरं बोलत होतीस अन् मी गाढव होतो, हे कबूल करणारा तुझा धाकटा भाऊ,
वसंता

*

घनसावंगी,
१३ नोव्हेंबर

वसंता,
जय भीम.

पत्र चुलीत घातलं न्हाई. दोनदा वाचलं. माझं अक्षर कोंबडीच्या पायाचं हाय, चौथीपर्यंतच शाळा झाली. तरी तू वाच. नातीला लिहायला देणार होते पण हे माझ्याच हातानं लिहायचं हाय.

तू गाढव होतास हे मला माहीत होतं, ते कळवायला तिकीट कशाला लावलंस.

माफी मला कागदावर नको. बोललास चारचौघांत, परत घ्यायचं ते पण चारचौघांत, साहेबासमोर अन् त्या पाटलासमोर. मंग बघू. अन् बानं कधी तुझ्यासमोर मोठेपणा केला न्हाई. एकदा सांगितलं, तू हसलास, मंग मरेपर्यंत त्यानं ती गोष्ट काढली न्हाई. हे तुला मी सांगणार नव्हते. आता सांगितलं.

मी सोमवारी येते. धम्मपाल जालन्यापर्यंत आणून सोडंल, तिथून मला गाडी कळते. मला घ्यायला फलाटावर येऊन रडत उभा राहू नको.

त्या शिकलेल्या पोरीला सांग, खालची ओळ हाय तशी ठेवायची. काच लावायची तर तिला लावा. दिवा लावायचा तर तिला लावा. ती काय लिहिलेली हाय ते मी सांगते, मला पाठ हाय, खरवडायची गरज न्हाई. आमची माणसं आली की बाहेर दगडावर उभी राहायची अन् पाणी वरून ओंजळीत पडायचं. एवढं साहेबाला सांगायला माझं तोंड पुरेसं हाय.

वरच्या दोन मात्र उघड्या राहणार न्हाईत. एकदा फोटो काढून घ्या, पोरांना दाखवा, मंग झाका. बानं झाकल्या त्या झाकलेल्याच राहतील.

कळीचा चुना रविवारीच भिजत घाल. डब्यातला रंग आणलास तर मी आल्या पावली परत जाईन. कुंचा आणू नको. जुनं सुती लुगडं फाडून चिंधी मीच आणते.

माझा उजवा हात आता खांद्याच्या वर जात न्हाई. वरच्या ओळी बाच्या होत्या. त्यांच्यावर चुना तुलाच मारावा लागंल, सगळ्यांच्या देखत, अकराच्या गाडीला. मी खाली बसून सांगते कुठं राह्यलं ते.

पुंजाराम खलाशाची लेक,
मालन