पाहणीच्या वेळी पट्टा लावलेला नव्हता

मी, वय वर्षे बहात्तर, विमा सर्वेक्षक म्हणून निवृत्त, हे मृत्युपत्र राजीखुशीने आणि स्वतःच्या हाताने लिहून ठेवत आहे. माझी बुद्धी शाबूत असल्याचा दाखला डॉक्टरांनी दिला असून तो सोबत जोडला आहे. हृदयाबद्दल असा दाखला द्यायला ते तयार नाहीत, म्हणून ही घाई.

१. राहते घर, त्यातील सामानासह, माझ्या एकुलत्या एका मुलीचे. मागच्या खोलीचे छत गळते. ते मी दर वर्षी "यंदा करू" म्हणत राहिलो. तिने तसे करू नये.

२. धाकट्या भावाला काहीही देत नाही. आई आजारी असताना तो दोनदा आला, आणि दोन्ही वेळा घड्याळ पाहत बसला. ते भिंतीवरचे घड्याळ त्याला हवे असल्यास न्यावे. बंद आहे.

३. मोजपट्टी, बॅटरी, कॅमेरा आणि गाडीखाली सरपटत जाण्याची चाकांची फळी ही माझी हत्यारे. जो कोणी नवा सर्वेक्षक ती मागेल त्याला द्यावीत, पण आधी पुढील कलम वाचायला लावावे.

४. मिस्त्रीविषयी. मिस्त्री माझा शाळेपासूनचा मित्र. त्याचे गॅरेज होते. पुढे त्याने टेकडीवर फिरवायच्या गाड्या घेतल्या. जाड टायरच्या चारचाकी बाईक तीन, आणि शेजारी-शेजारी दोघांनी बसायची, वर लोखंडी पिंजरा असलेली एक. लोक हौसेने भाड्याने नेत. अशा गाड्यांना साधा विमा चालत नाही. भाड्याचे वेगळे कलम लागते, चालवणाऱ्याच्या अपघाताचे वेगळे, आणि ते लागू व्हायला पट्टा बांधलेला असावा लागतो. हे सगळे मीच त्याला शिकवले. त्याने एकही अट चुकवली नाही.

सोळा वर्षांपूर्वी, सकाळी गिऱ्हाईक यायच्या आधी, त्याची एकोणीस वर्षांची मुलगी टेकडीवरचा रस्ता ठीक आहे का ते बघायला पिंजऱ्याची गाडी घेऊन गेली. पट्टा मिस्त्रीने स्वतः लावला. खाणीच्या उतारावर कड ढासळली आणि गाडी तीनदा उलटली. खाणीवरचा क्रेनवाला आधी पोचला. बक्कल वाकून अडकले होते, म्हणून त्याने चाकूने पट्टा कापून तिला बाहेर काढले. मिस्त्री धावत आला तेव्हा ती गवतावर होती. गेलेली.

विमा कंपनीतर्फे पाहणीला मी गेलो. क्रेनवाल्याचा जबाब मी घेतला. तो आठवड्याभरात दुसऱ्या कामावर लांब निघून गेला. कापलेला पट्टा मी तपासणीसाठी काढून आणला. कंपनीच्या साहेबांनी अहवाल वाचला आणि विचारले, "तुम्ही पोचलात तेव्हा पट्टा लावलेला होता?"

"कापलेला होता, साहेब."

"म्हणजे लावलेला नव्हता. तेवढंच लिहा. खोटं थोडंच आहे ते?"

कंपनीच्या यादीतून नाव गेले असते तर माझे काम बंद झाले असते. मी लिहिले: 'पाहणीच्या वेळी पट्टा लावलेला नव्हता.' जबाब जोडला नाही. दावा नामंजूर झाला.

मिस्त्री अहवाल घेऊन माझ्याकडे आला. "अरे, मी लावला होता. टक् असा आवाजही ऐकला." पुढच्या वर्षी म्हणाला, "लावला होता असं वाटतं." गेल्या पाच-सहा वर्षांत म्हणायचा, "तू कशाला खोटं लिहिशील? मीच विसरलो असेन." दर वेळी मी त्याला चहा दिला.

दाव्याची जी रक्कम त्याला मिळायला हवी होती तेवढी माझ्या बँकेतील ठेवीतून मिस्त्रीला द्यावी. कपाटातील पत्र्याची पेटीही त्याला द्यावी. तिच्यात पट्ट्याचे तुकडे, क्रेनवाल्याचा जबाब आणि माझा पहिला अहवाल आहे.

५. या मृत्युपत्राची एक प्रत कंपनीला पाठवावी. साहेब वारले आहेत. मी वारेपर्यंत थांबू नये, आजच पाठवावी.

पुरवणी. वरील मजकूर परवा लिहिला. मुलीने वाचला आणि म्हणाली, "बाबा, हे तुमच्यामागे वाचायचं? मग मिस्त्रीकाकांनी जाब कोणाला विचारायचा? मला?"  काल दुपारी ती मिस्त्रीला घेऊन आली. मी कलम चार मोठ्याने वाचले. मध्येच थांबलो, तेव्हा "वाच" एवढेच तो म्हणाला.

पेटी त्याने उघडली. पट्टा मधोमध कापलेला, पण बक्कल बंदच होते. त्याने अंगठ्याने दाबून पाहिले. उघडले नाही. बराच वेळ तो दाबत राहिला.

मग म्हणाला, "पोरीच्या आईने सोळा वर्षं माझ्या हातचं पाणी घेतलं नाही. एका घरात राहून. गेल्या मार्चमध्ये गेली." पेटीचे झाकण लावत म्हणाला, "तिला कोण सांगणार आता?"

ठेव नको म्हणाला. त्याने शिवी दिली असती तर ती मी घेतली असती. तीही दिली नाही. पेटी काखेत धरून पायी निघाला. मुलगी गाडी घेऊन मागे गेली, तो बसला नाही.

सबब ठेवीपुरते कलम चार रद्द, ठेव मुलीची. बाकी सर्व कायम. माझ्या अंत्यविधीचा निरोप मिस्त्रीला देऊ नये. त्याने मला माफ केले का, असे त्याला कोणीही, कधीही विचारू नये.

पुरवणीसह सर्व वाचून, समजून, साक्षीदारांसमोर सही केली आणि त्यांनी माझ्यासमोर केली.

ठिकाण: राहते घर, मागची खोली
दिनांक: ९ ऑक्टोबर २०२३

लिहून ठेवणार: (सही) विमा सर्वेक्षक, निवृत्त
साक्षीदार १: (सही) घरचे डॉक्टर
साक्षीदार २: (सही) शेजारच्या छापखान्याच्या मालकीणबाई