खाटेखाली मावणारं लेथ मशीन

प्रिय सुनंदा,

आज नागदेवी स्ट्रीटवरच्या त्या दुकानदाराचा फोन आला. आपण दोघांनी पाहून ठेवलेलं लाकूड कातायचं लेथ मशीन त्याने अजून बाजूला ठेवलं आहे. घेणार की नाही ते शनिवारपर्यंत कळवा, म्हणाला. घरात विचारायला कोणी नाही, म्हणून तुला लिहितोय. मला पत्र लिहिता येत नाही हे तुला माहीत आहे. आयुष्यभर ऑफिसची पत्रं लिहिली, ती निराळी.

हे मशीन माझ्या डोक्यात घातलं कोणी? तूच ना? रिटायर झाल्यावर मी मोबाइलचा आवाज बंद करून लाकूड कातण्याचे व्हिडिओ बघत बसायचो. तू शेजारच्या कांबळेवहिनींना सांगितलंस, "लोकांचे नवरे मॅच बघतात, आमचे भुसा उडताना बघतात." मग मला म्हणालीस, की नुसतं बघून काय होणार, मशीन आणा आणि मला एक लाटणं करून द्या. तुझ्या आईकडे होतं तसं, मध्ये जाड आणि टोकांना निमुळतं.

दुकानात जाण्याआधी आपण काय केलं, आठवतं? चाळ पाडायला घेतली होती आणि आपण भाड्याच्या खोलीत होतो. तू फरशीवर आडवी झालीस आणि खाटेखालची उरलेली जागा दोऱ्याने मोजलीस. दुसरं टोक मी धरलं. चाळीतल्या एका खोलीत संसार केला आपण. घरात येणारी प्रत्येक वस्तू आधी खाटेखाली मावायला हवी, मग ती चांगली की वाईट ते बघायचं.

दुकानदाराने नीट समजावलं. मशीन जड हवं, हलकं असलं तर थरथरतं. वेग कमी-जास्त करता यायला हवा. आणि लाकूड ज्या दोन टोकांमध्ये पकडायचं, त्यांच्यामधल्या अंतराहून लांब वस्तू होत नाही. आपल्या दोऱ्यात बसणारं एकच मशीन होतं आणि त्यात लाटणं मावत नव्हतं. तू लगेच तडजोड केलीस. मग भोवरे करा, म्हणालीस, नातवंडं होतील तेव्हा होतील. तेव्हा त्याने विचारलं, "भाभी, नए घर में भी खटिया के नीचे ही रखोगे क्या?"

आपण एकमेकांकडे बघितलं. टॉवरमधल्या फ्लॅटची चावी मिळणार होती, बाल्कनीसकट, आणि दोघांपैकी एकाच्याही मनात ते आलं नव्हतं! तू दुकानाच्या पायरीवर बसून तोंडाला पदर लावून हसत राहिलीस. मग आपण त्याहून मोठं ठरवलं, लाटणं मावेल असं. पैसे देऊन टाकू का, मी विचारलं.

"आधी बाल्कनी तर बघू द्या," तू म्हणालीस. "घाई काय आहे?"

घाई होती, सुनंदा. चावी हातात आली तेव्हा तू हॉस्पिटलात होतीस. बाल्कनी तू माझ्या मोबाइलमध्ये पाहिलीस. ऊन चांगलं येतं, एवढंच म्हणालीस.

अमोल पुण्याहून फोन करतो. घ्या पप्पा, वेळ जाईल, म्हणतो. वेळ जायला मशीन कशाला हवं? बाल्कनीत जागा आहे. मशीन राहील, बाजूला मी उभा राहीन. पण कातू काय? लाटणं केलं तर त्याने चपात्या कोण लाटणार? मी डबा लावला आहे. चाळीत मशीनचा आवाज झाला असता तर निम्मा मजला बघायला आला असता, कोणीतरी भांडलंही असतं. इथे कोणी भांडायलाही येत नाही.

खरं सांगू? मशीन घ्यायचं राहिलं आहे, तोवर आपलं दोघांचं एक काम बाकी आहे. घेतलं काय किंवा नको म्हटलं काय, ते काम संपेल. मग तुझ्याबरोबर करायचं काय उरलं? तुझ्या पुण्यानुमोदनाला जमलेले सगळे धीर धरा म्हणत होते. मी मान हलवत होतो. कशाला धरायचा, ते कोणी सांगितलं नाही.

फोनवर दुकानदार म्हणाला, भाभीला विचारून घ्या. आणि मी काय बोललो असेन? "हां, पूछ के बताता हूँ." अगदी सहज बोलून गेलो. फोन ठेवल्यावर क्षणभर स्वयंपाकघराकडे वळलोसुद्धा.

तू गेल्याचं सगळ्यांना अमोलने कळवलं. मी माझ्या तोंडाने अजून एकालाही सांगितलेलं नाही. शनिवारी मी फोन करणार नाही, दुकानात जाईन. मशीन घेईन असं वचन मी देत नाही, तेवढं बळ माझ्यात नाही. पण त्याने तुझ्याबद्दल विचारलं, तर घरी आहे असं म्हणणार नाही. सुनंदा गेली, असं सांगेन. एवढं नक्की करेन.

जय भीम.

तुझा,
विलास