सात सह्यांचा कागद

केंब्रिज, ऑन्टारिओ
१४ नोव्हेंबर

प्रिय ब्लांच,

तुझं गुडघ्याचं ऑपरेशन नीट झालं हे वाचून जीव भांड्यात पडला. काठीशिवाय चालतेस का? मी बरी आहे, गाडीला विंटर टायर बसवून घेतले.

लेस्टरदादा म्हणाला ना, माझी लेक ॲलिसन डॉक्टर होऊन परदेशात नुसते कागद फिरवते? त्याला हे मोठ्याने वाचून दाखव. ती आहे त्या देशात यादवी चालू आहे आणि राज्य सात जणांचं मंडळ करतं. मुलांच्या लशींचे ट्रक शत्रूच्या भागात न्यायचे तर सातही सह्या लागतात. तीन आठवडे एकही मिळाली नाही, कारण दुसऱ्याच्या सहीच्या खाली आपली सही करायला कोणी तयार नव्हतं. आणि हे म्हणे देश चालवतात.

शेवटी हिने कागदावर वाटी ठेवून वर्तुळ काढलं आणि त्याभोवती सह्या घेतल्या. वर कोण, खाली कोण, हा प्रश्नच मिटला. कॉन्व्हेंटमध्ये पाणचट डाळीची तक्रार आपण अशीच केली होती, पहिलं नाव कोणाचं ते मदर सुपीरियरला कळू नये म्हणून. ती गोष्ट मीच तिला सांगितली होती.

ट्रक शुक्रवारी निघतील. ड्रायव्हर कचरत होते, म्हणून पहिल्या ट्रकमध्ये ती स्वतः बसणार आहे. "मम्मी, आय हॅव टू," म्हणाली. मी म्हटलं, जा, टोपी विसरू नकोस.

चर्चमध्ये शुक्रवारची मिस्सा तिच्या नावाने सांग. फादरनी कारण विचारलं, तर आभाराची आहे म्हण.

घरी सगळ्यांना माझं प्रेम.

तुझी मोठी बहीण,
जॉयस