लूमच्या खात्यातली बोली

२ जानेवारी १९९६, मंगळवार
अबोला. कारण काय, तर मीठ. जेवताना हे "मीठ दे" असं ओरडले की पलीकडच्या मंगलाबाई मिठाची वाटी घेऊनच दारात. मेल्याहून मेल्यासारखं झालं मला. भाकरी टाकता टाकता, पाठमोरीच म्हटलं, जरा हळू बोला, चाळ आहे ही. उत्तर नाही. साधं हूं नाही. ठीक आहे, मग माझंही तोंड बंद.

५ जाने., शुक्र.
अबोला चालू. ह्यांना त्याचं काही आहे असं दिसत नाही. डबा उचलतात, कापडाच्या लूमवर जातात, येतात, झोपतात.
आज गाव फार आठवलं. लग्न नवं, घरात सासू-सासरे, दीर, जाऊ. सगळ्यांदेखत नवऱ्याशी बोलायची सोय नाही. तर हे पाणी प्यायच्या निमित्तानं चुलीपाशी यायचे आणि ओठातल्या ओठात अहिराणीत विचारायचे, "जेवनी का?" जेवलीस का. बायकांची पंगत शेवटची, म्हणून. तेवढ्यावर माझा दिवस जायचा. वाटायचं, सुरतेत आपली खोली झाली की पोटभर बोलू. इथं सुरतेच्या उधन्यात खोली झाली. बोलणं तिकडेच राहिलं, खानदेशात.

८ जाने., सोम.
आमची पिंकी मंगलाबाईंच्या मुलीबरोबर घर-घर खेळत होती. "मी पप्पा," म्हणाली आणि अशी काही ओरडली की बाहेरचं कुत्रं उठून गेलं. मग मैत्रिणीला सांगते, "तू मम्मी ना, तू तिकडं तोंड करून बस."
पोरीला घर म्हणजे हेच वाटतंय. काहीतरी करायला हवं. पण आधी बोलायचं कोणी? मी तर नाही.

११ जाने., गुरु.
डबा विसरून गेले. घेऊन गेले मी, पहिल्यांदाच खात्यात, म्हणजे लूमच्या कारखान्यात. आत पाऊल टाकलं आणि खटाखटीत माझंच बोलणं मला ऐकू येईना. इतक्या वर्षांत ह्यांनी कधी सांगितलं नाही, नि मीही विचारलं नाही.
आणि हे काय करत होते? गप्पा. लांबच्या लूमवरच्या गोकुळभाऊंशी, आवाजाशिवाय. नुसते ओठ, बोटं, भुवया. गोकुळभाऊंनी काहीतरी सांगितलं आणि हे हसले, अगदी गावाकडचं हसू. माझ्या वाट्याला ते कधीचं आलेलं नाही. जळले मी, दुसरा शब्द नाही.
डबा देऊन बाहेर आले तर मागोमाग गोकुळभाऊ चहा प्यायला आले. सहज म्हणाले, "वहिनी, आमचे सगळ्यांचे कान अर्धे गेलेत. समोरच्याचं तोंड दिसलं की समजतं. नाही तर राम राम."
चालत घरी आले. रस्ताभर तेच डोक्यात. तोंड दिसलं की. आणि मी भिंतीकडे तोंड करून संसार करतेय.

१२ जाने., शुक्र.
स्टोव्ह फिरवला. आता भाकरी करताना खोलीकडे तोंड. मंगलाबाई विचारतात, वास्तूवाल्यानं सांगितलं का? म्हटलं, हो.
संध्याकाळी हे आले, बघतच राहिले. "हे काय?" नेहमीसारखंच मोठ्यानं. त्यांच्याकडे बघून, हळूच म्हटलं, इथून तुम्ही दिसता.
डबा खाली ठेवला. मग म्हणाले, "मला वाटलं, तू हल्ली माझ्याशी बोलतच नाहीस."
हल्ली म्हणजे कधीपासून, हे विचारायचा धीर झाला नाही. माझा अबोला मिठापासूनचा. त्यांच्याकडचा किती जुना, देव जाणे. रडले. पिंकी म्हणाली कांदा. हो म्हटलं.

१४ जाने., रवि. उत्तरायण, म्हणजे आपली संक्रांत
सगळी चाळ गच्चीवर. टेपरेकॉर्डर, थाळ्या बडवणं, कुणाचा पतंग कापला की "काप्यो छे" चा गिल्ला. हे त्या टोकाला पतंग उडवत, फिरकी पिंकीकडे. मी ह्या टोकाला, उंधियुच्या भाजीचं पातेलं सांभाळत. मधे ही गर्दी. ह्यांनी वळून पाहिलं आणि नुसते ओठ हलवले.
जेवनी का?
चारचौघांत हसले मी. मंगलाबाई म्हणाल्या, काय झालं? काही नाही म्हटलं. मान हलवून सांगितलं ह्यांना, नाही जेवले अजून.
मग हिंमत करून मीही ओठांनीच म्हटलं, उद्या कानाच्या डॉक्टरकडे जाऊ. शब्द सुटे सुटे करून.
समजलं त्यांना. चेहऱ्यावरून कळतं ना. आणि पाठ फिरवली, पतंगाला ढील द्यायला लागले.
पातेलं मंगलाबाईंकडे दिलं आणि गर्दीतून त्या टोकाला निघाले, त्यांच्या समोर जाऊन उभी राहायला.