कोटातलं विरजण

१२ मे

आलो एकदाचे कीवला. गाडीतून उतरल्यापासून आई मागे सोडलेल्या चेर्निव्त्सीच्या नावाने उसासे टाकत होती. पण नव्या घराची न्हाणी आणि तिच्यातला लांबलचक टब पाहिला आणि गप्प झाली. यारिंका कोरड्या टबात बसून होडी वल्हवत होती. पाच वर्षांच्या माणसाला घर आवडायला एवढं पुरतं. खरं सांगायचं तर मलाही पुरलं. पोरीला एकटीने वाढवायचं म्हणजे पायाखाली घट्ट जमीन हवी, ती आज मिळाल्यासारखी वाटते आहे.

१४ मे

मी औषधं बनवते असं आईने शेजारणीला ठोकून दिलं. आम्ही औषधं बनवत नाही, औषधांच्या विटा बनवतो. कार्बन-नायट्रोजनचं एखादं इवलंसं कडं, त्याला एखादं शेपूट. परदेशातले संशोधक त्या मागवतात, एकीला दुसरी जोडून नवे छोटे रेणू उभारतात, आणि हजारांतला एखादा औषध ठरतो. आपली वीट कुठल्या घरात बसली ते आम्हाला कधीच कळत नाही.

प्रयोगशाळेचे प्रमुख लुक्यान पेत्रोविच सत्तरीला टेकलेत, दाढी पोटापर्यंत. आजवर बनवलेल्या प्रत्येक पदार्थाचा कण त्या दाढीत आहे म्हणतात. मला मिळालेली वीट मोठी हट्टी आहे. गिऱ्हाइकाला पांढरेशुभ्र स्फटिक हवेत आणि माझ्या फ्लास्कमध्ये पिवळं तेल. लुक्यान पेत्रोविच वाकून बघतात आणि म्हणतात, "पोरी, आपण काय सूर्यफुलाचं तेल विकायला बसलोय?"

१९ मे

बर्फात ठेवलं, काचेच्या कांडीने फ्लास्क आतून खरवडला, शिव्याही घातल्या. तेल ते तेलच. मला मुळात धीर कमी, त्यात ही वीट.

शेवटी लुक्यान पेत्रोविचनी खुंटीवरचा एक मळकट पांढरा कोट काढून दिला. माझ्या आधी ह्या जागेवर नोन्ना सेवेरिनिव्ना होत्या, त्यांचा. ही वीट पहिल्यांदा त्यांनीच घडवली. इथली रीत अशी की गेलेल्या माणसाचा कोट धुवायचा नाही. दुधाला जसं विरजण लागतं तसं हट्टी तेलाला आधीच्या स्फटिकाचा एक कण लागतो, दिसणारही नाही एवढा. तो कोटाच्या शिवणींत बसलेला असतो.

कोट घालून मी बाही फ्लास्कवर झटकली. काठापासून मध्यापर्यंत पांढरं पसरत गेलं, बारीक करकर आवाज करत. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. नोन्नाबाई कुठे असतात म्हणून विचारलं, त्यांचे आभार मानावेत म्हणून. लुक्यान पेत्रोविचनी छातीवर बोटांनी क्रूस रेखला. एप्रिलमध्ये वारल्या.

२२ मे

ही वीट अडतीस अंशांना वितळते. उन्हाळ्यात ट्रकमधून पाठवायची म्हणजे पंचाईत, पण ती माझी नाही.

कोटाचं बटण तुटलं होतं, शिवायला घरी आणला. यारिंकाने तो चढवला आणि दिवसभर डॉक्टर होऊन फिरली, बाह्या जमिनीवर लोळताहेत, आजीच्या पोटाला कान लावून गंभीर चेहऱ्याने मान हलवते आहे. आई आणि मी पोट धरधरून हसलो.

२४ मे

बाजारातून आणलेला अकेशियाचा मध सकाळी दगड झालेला. आईने मधवाल्याच्या सात पिढ्या उद्धरल्या, साखर घातली म्हणून. अकेशियाचा मध वर्ष वर्ष थिजत नाही, हे आमच्याकडे शेंबडं पोरही सांगेल.

काल चमचा मी बुडवला होता.

गार वाटतं. मे सरत आला तरी स्वेटर घालून बसले आहे आणि चहा उकळता उकळता पिते.

२६ मे

आज बोटं वळेनात. कढत पाण्याखाली धरली तेव्हा सैल झाली. डोळ्यांच्या कोपऱ्यात पांढरी पूड साचते, झोपेतली म्हणावी तर टोचते. वितळबिंदू काढायच्या यंत्रावर कणभर ठेवली. उगाच, गंमत म्हणून.

अडतीस.

मी लुक्यान पेत्रोविचना गाठलं आणि नोन्नाबाई कशाने गेल्या ते विचारलं. आधी टाळाटाळ, मग सांगितलं. शेवटी शेवटी त्यांना थंडी सोसत नसे, हात सारखे तापलेल्या वाळूत खुपसून बसत. सगळे म्हणाले, संधिवात. एप्रिलमध्ये हिवाळा सरला म्हणून शहराने घरं तापवणारे नळ बंद केले त्याच आठवड्यात त्या गेल्या. प्रेत लुक्यान पेत्रोविचनीच उचललं. म्हणाले, "तिच्या आतून आवाज आला, पोरी. साखरेची पिशवी हलवल्यासारखा."

ही वीट शरीराने आपली समजावी म्हणूनच तशी घडवलेली आहे. औषधवाल्यांना ती हवी त्याचसाठी. आपल्या रक्तात तिची बहीण, जवळजवळ तिच्याच घडणीचा रेणू, वाहत असते. बहिणीला विरजण लागलं तर —

मला कोट का दिला, विचारलं. ते दाढी कुरवाळत राहिले. म्हणाले, रीत आहे.

२७ मे

कोट जाळला. गच्चीवर, रॉकेल ओतून.

खाली दारावर नोटीस लागली आहे. नळांच्या तपासणीसाठी उद्यापासून गरम पाणी बंद. दर उन्हाळ्यात होतं हे. आई पातेली बाहेर काढते आहे, कुरकुर न करता.

जेवताना यारिंका डोळे चोळत होती. म्हणाली, "आई, डोळ्यांत वाळू गेली."

आम्ही अजून नदीवर गेलोच नाही.

२८ मे

यारिंका तापाने फणफणली आहे. काखेत थर्मामीटर — एकोणचाळीस. मी आनंदाने रडले. अडतीसच्या वर! तिच्या अंगाला कळतं. ते वितळवतं आहे. तापच तिला वाचवतो आहे.

आईला सगळं सांगितलं. ताप उतरवू नकोस म्हणून हात जोडले. म्हणाली, "लेकरू तापात जळू दे म्हणणारी आई मी जन्मात पहिल्यांदा बघते."

डॉक्टरीणबाई येऊन गेल्या. त्यांनाही सांगितलं. त्यांनी आईला बाजूला नेऊन काहीतरी विचारलं, आणि ताप उतरायचं औषध लिहून दिलं. छोटा रेणू. कुणाच्या तरी विटांचा. आईने ते आणलं आणि मी मोरीत ओतलं. डॉक्टरीणबाई जाताना मला मज्जातंतूंच्या डॉक्टरांकडे जा म्हणाल्या होत्या.

मला ताप येत नाही. का येत नाही —

२९ मे

किटलीमागून किटली. टबात बसते, पाणी निवतं, पुन्हा घट्ट होते. गुडघे करकरतात.

आई रासबेरीचा मुरंबा घालून चहा देत होती तिला. घाम यावा म्हणून. पायांना व्हिनेगर चोळत होती. मी कप भिंतीवर फेकला. यारिंका घाबरून रडली. गालावरून काही ओघळलं नाही. उशीवर पडलं — टप, टप — दाणे.

आईने मला इथे न्हाणीत कोंडलं आहे. नाही, कडी मीच लावली. लावली तेव्हा बोटं वळत होती. आता निघत नाही; मुठीत अडकलेल्या पेनाने लिहिते आहे.

दुपार. पाणी कोमट.

जो वाचेल त्याने — तिला गरम ठेवा. अडतीसच्या वर. ताप उतरवू नका. मुलीचं नाव यारिंका आहे, तिला गाजर आवडत नाही, ताप उतरवू नका

ओरडते आहे पण जबडा —

आई दाराशी आली आहे. रडते आहे, आनंदाने. म्हणते, "झोर्याना, उघड गं. देव पावला. पोरीला घाम फुटला. छत्तीस आणि सहा. शांत झोपलीय बघ, अगदी शांत."

छत्तीस आणि सहा

आई नको

म्हणते, थांब, तुला दाखवायला घेऊनच येते. पावलं गेली. पलंग वाजला. उचलते आहे तिला — ऐकू येतं आहे मला — पिशवीत साखर