असू दे

मंगळवार, १४ मार्च, सकाळी

प्रिय ताई,

नमस्कार. तुझ्या डोळ्याचं ऑपरेशन नीट झालं आणि तू परत वाचायला लागलीस, हे तुझ्या सुनेकडून कळलं. बाकी सगळं बरं असेल असं धरून लिहिते. पत्र स्वतःच वाच. सुनेला वाचून दाखवायला लावू नकोस, यातलं काही तिच्यासाठी नाही.

दोन वर्षांनी लिहिताना आधी काय लिहायचं ते सुचत नाही, म्हणून कामाचं लिहिते. नवे कपडे शिवणं मी बंद केलं. आता फक्त दुरुस्ती. कमरा सैल करायच्या, चेन बदलायच्या, बाह्या आखूड करायच्या. लोक जाड होताहेत तोवर मला काम आहे. मशीन पुढच्या खोलीत खिडकीशी आणलं. त्याच्या डाव्या हाताला यांची खुर्ची, आणि मध्ये माझं स्टूल. त्याच स्टुलावर बसून मी शिवते, आणि तेच फिरवून यांना भरवते. दिवसभरात मी त्या स्टुलावर नुसती गोल फिरत असते.

यांचं आहे तसं आहे. उजवा हात मिटलेला, माझ्या आधाराने पाय ओढत मोरीपर्यंत जातात. झटका येऊन या महिन्यात तीन वर्षं झाली. बोलणं अजून एकच. तू ऐकलं आहेस. ‘असू दे.’

माणसाचं सगळं बोलणं जावं आणि हेच दोन शब्द उरावेत, याचा मला फार राग यायचा. कारण आधीही हे तेवढंच बोलत. तुला यांचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान आठवत असेल. गिऱ्हाईक बंद पडलेला रेडिओ आणून टेबलावर आपटायचं आणि विचारायचं, ‘होईल का?’ हे चष्म्यावरून एकदा रेडिओकडे बघायचे आणि म्हणायचे, ‘असू दे.’ गिऱ्हाईक निमूट निघून जायचं. घरात छप्पर गळू दे नाहीतर दिवाळी तोंडावर येऊ दे, उत्तर तेच. तू म्हणायचीस, ‘तुझ्या नवऱ्याचं बारसंसुद्धा असू दे म्हणून राहून गेलं असेल.’

पहिल्या वर्षी बोलणं शिकवणाऱ्या बाई यायच्या. त्यांनी विचारलं होतं, ‘घरी या शब्दाचा अर्थ काय होतो?’ मी म्हटलं, ‘नको. राहू द्या. मला काही नको.’ बाईंनी फाइलमध्ये तसं लिहून घेतलं. मग तेच धरून चाललं. पाणी मी घड्याळ बघून पाजते, त्यात विचारायचं काही नसतं. पण बाकीचं विचारायची. ‘खिडकी उघडू?’ ‘असू दे.’ मी उघडत नसे. ‘रेडिओ लावू?’ ‘असू दे.’ मी लावत नसे. हळूहळू विचारायचंही सोडलं.

आणखी एक बातमी. शहराबाहेर एक संस्था आहे, अशा माणसांना ठेवून घेते. चांगली आहे असं म्हणतात. मी अर्ज आणून भरला, सही केली. गेल्या गुरुवारी तो द्यायला गेले, पण कार्यालय बंद होतं. परत आले.

हे पत्र इथेच थांबवून पाकिटात घालायचा विचार होता. मग वाटलं, दोन वर्षांनी लिहायचं आणि तेही खोटं, तर मग न लिहिलेलंच बरं होतं.

ताई, कार्यालय बंद नव्हतं. मी त्या स्टॉपवर उतरलेच नाही.

गुरुवारी सकाळी यांना अंघोळ घातली, भरवलं, खुर्चीत बसवलं. मग पिशवी भरली. अर्ज एकच कागद, त्याला पिशवी कशाला लागते? पिशवीत दोन जोड कपडे घेतले, चष्म्याची डबी आणि मोठी कात्री. कात्री अशासाठी की ती हातात असली म्हणजे मी कुठेही पोट भरू शकते. यावरून तुला काय ते कळेल.

आपण बाहेर पडताना ‘येते’ म्हणतो. मी दारात उभी राहून ‘जाते’ म्हणाले. मुद्दाम नीट ऐकू जाईल असं. हे म्हणाले, ‘असू दे.’

मी दार ओढून घेतलं.

हे असं एकाएकी का, म्हणून विचारशील. एकाएकी नव्हतं. बुधवारी काही वाईट घडलं होतं असंही नाही. मी शिवताना दर बाहीला मशीन थांबवते आणि कान देते. श्वास ऐकू आला की पुढची बाही. डॉक्टरांनी सांगितलं होतं, दुसरा झटका येऊ शकतो. हे त्यांनी एकदाच सांगितलं, मी तीन वर्षं रोज ऐकते आहे. बुधवारी एका कोटाची बाही झाली, मशीन थांबवलं, आणि श्वास ऐकू आल्यावर मला बरं वाटलं नाही. वाईट वाटलं. क्षणभरच. पण वाटलं. त्या माणसाजवळ आपण राहता कामा नये असं मला वाटलं.

बसमध्ये शेजारच्या बाईने विचारलं, ‘टेलर आहात का?’ मी म्हटलं, ‘तुम्हाला कसं कळलं?’ तिने माझ्या गळ्याकडे बोट दाखवलं. माप घ्यायची टेप गळ्यात तशीच होती. कायमची घर सोडून निघाले होते, आणि गळ्यात टेप. ती बाई स्टॉप येईपर्यंत ब्लाऊजच्या फिटिंगबद्दल बोलत होती. मी उत्तरंही दिली.

संस्थेचा स्टॉप आला नि गेला. शेवटच्या स्टॉपला कंडक्टर म्हणाला, ‘बाई, उतरा. इथून पुढे रस्ताच नाही.’ पलीकडे कारखान्याची लांब भिंत होती आणि अलीकडे एक बाक. मी बाकावर बसले.

आता मला त्या दिवसाचं लिहावंच लागेल, दोन वर्षांपूर्वी तू शेवटची आली होतीस त्या दिवसाचं.

बाबा जेवायच्या आधी काय म्हणायचे ते मी लिहायला नको. तरी लिहिते. डोळे मिटून म्हणायचे, ‘आजचं निभवलंस. उद्याचं तुझ्याकडे.’ आणि डोळे न उघडताच, ‘मीठ दे गं.’ देवाकडेच मीठ मागताहेत म्हणून आपण दोघी ताटात तोंड खुपसून हसायचो. तू ते वाक्य पुढे जपलंस. मी हसणं तेवढं जपलं, आणि नंतर तेही गेलं. त्या दिवशी तू यांच्या खुर्चीशी उभी राहून, यांच्या डोक्यावर हात ठेवून तेच म्हणालीस. ‘आजचं निभवलंस.’ माझ्या हातात यांची ओली चादर होती. मी ओरडले, ‘कोणी निभवलं? मी निभवलं! आजचं, कालचं, सगळं मी निभवलं! तुझा देव तुझ्या पिशवीत घाल आणि नीघ!’

तू चादर माझ्या हातातून घेतलीस, मोरीत ठेवलीस, आणि गेलीस.

तर बाकावर बसले. प्रार्थना केली असं समजू नकोस. भांडले. भिंतीकडे बघून मोठ्याने म्हणाले, ‘तीन वर्षं मी बघितलं. आता तू बघ.’ एक कुत्रं होतं, ते उठून लांब गेलं. काही दिसलं नाही, काही ऐकू आलं नाही. तेवढ्यात लक्षात आलं, की हे बाबांचंच वाक्य झालं. दुसरा अर्धा भाग. फक्त चिडून म्हटलेला.

आणि मग मला झोप लागली, ताई. दिवसाढवळ्या, बसल्या बसल्या, पिशवी पोटाशी धरून. गेल्या तीन वर्षांत मी झोपले ती एक कान उघडा ठेवून. त्या बाकावर दोन्ही कान मिटले. कंडक्टर दुसऱ्या फेरीला आला तेव्हा त्याने हाक मारली, ‘अहो टेलरबाई, परत जायचंय का?’ नाव त्याने टेपवरूनच ठेवलं असणार. मी म्हटलं, ‘हो.’ ठरवून नाही म्हटलं. त्याने विचारलं आणि तोंडातून आलं.

चार तास झाले होते. जिना चढताना काय काय बघावं लागेल त्याची तयारी केली. दार उघडलं. हे खुर्चीत होते, सकाळी बसवले तसे. पँट ओली झाली होती. बाकी काहीच झालं नव्हतं. श्वास चालू होता. मी कान न देताही चार तास चालला होता. खरं सांगते, आधी मला अपमान वाटला. मग मी दारातच खाली बसले.

‘आले,’ मी म्हटलं.

कपडे बदलले. भरवलं. मग वाटलं, आता माझ्याने मशीनवर बसवणार नाही, स्टूल आत नेऊन ठेवावं. मी उचलायला गेले तर यांनी डाव्या हाताने स्टुलाचा पाय धरला. घट्ट. मला वाटलं तोल जातोय. नव्हता. माझ्याकडे बघून म्हणाले, ‘असू दे.’

मी ओढलं. यांनी सोडलं नाही. ‘असू दे.’

ताई, मी शिंपी आहे, तीस वर्षं लोकांची मापं घेते. आणि घरातल्या माणसाच्या दोन शब्दांचं माप मी उलट्या बाजूने घेतलं. गिऱ्हाईक विचारायचं, ‘होईल का?’ आणि हे म्हणायचे, ‘असू दे.’ म्हणजे इथे ठेवून जा. म्हणून तर लोक रेडिओ ठेवून जायचे! ते ‘नको’ कधी नव्हतंच. असू दे, म्हणजे इथे असू दे.

मी स्टूल खाली ठेवलं. ‘खिडकी उघडू?’ ‘असू दे.’ उघडली. ‘रेडिओ लावू?’ ‘असू दे.’ कपाटावरून काढला, तीन वर्षांची धूळ पुसली, लावला. नुसती खरखर. यांनी डावा हात पुढे केला आणि बटण केसभर फिरवलं. बातम्या लागल्या. मग दुसरं स्टेशन, गाणी लागली. मी स्टुलावर बसून रडले. यांचं माझ्याकडे लक्ष नव्हतं, हे स्टेशन लावत होते.

दारात मी ‘जाते’ म्हणाले तेव्हा ‘असू दे’ म्हणाले होते, ते काय होतं, हे मी अजून स्वतःला विचारलेलं नाही. विचारायचं धाडस होईल तेव्हा विचारीन.

काल सकाळी चहा झाला. यांना ब्रेड भिजवून भरवला. उरलेला मी खाल्ला. आणि बशी तशीच हातात असताना मी म्हटलं, पहिल्यांदाच, न हसता, न चिडता, ‘आजचं निभवून ने. उद्याचं तुझ्याकडे.’ सकाळच होती, म्हणून पहिला भाग थोडा बदलला. बाबा चालवून घेतील. डोळे मिटलेले होते. समोरून आवाज आला, ‘असू दे.’

दुकानातल्या आवाजात.

थकवा गेलेला नाही, तुला फसवत नाही. पाठ तीच आहे, पायऱ्या तेवढ्याच आहेत. भीतीही आहे. पण मशीन आता दर बाहीला थांबत नाही. दोन्ही बाह्या आणि कॉलर होईपर्यंत चालतं. त्याच्याकडे ठेवलं म्हटल्यावर दर पाच मिनिटांनी दुकानात जाऊन ‘झालं का’ विचारणं बरं दिसत नाही. अर्ज फाडलेला नाही. बटणांच्या डब्याखाली आहे. पुढेमागे लागला तर देईन. तेव्हा पळून नाही, सांगून देईन, आणि देव तिथेही असेल असं धरून देईन.

आता ज्यासाठी एवढं लिहिलं ते. मला झोप हवी आहे. रविवारी दुपारी तीन तास, दार लावून, दोन्ही कान मिटून. त्या वेळी कोणीतरी या स्टुलावर बसायला हवं. उचलायचं, धरायचं काही नाही. रेडिओ लावायचा, आणि हे ‘असू दे’ म्हणाले की जे असेल ते तिथेच राहू द्यायचं. तुला जमेल. बाबांचं वाक्य म्हणालीस तर मी मीठ आणून देईन.

मी देवाला तुझ्या पिशवीत घालून न्यायला सांगितलं होतं. तू गेलीस, पण त्याला नेलेलं दिसत नाही. त्या दिवशी मी जे बोलले त्याची माफी मागते. चादर तू मोरीत नेऊन ठेवलीस, तेही मी विसरले नाही.

आणि एक. तेवढं सगळं ऐकूनही, दारातून निघताना तू ‘येते’ म्हणाली होतीस. मी चादरीशी भांडत होते, पण ऐकलं होतं.

उद्याचं त्याच्याकडे आहे. रविवारचं तुझ्याकडे.

ये.

तुझी,
टाचणी