स्टँडच्या दोन वायरी

प्रिय अण्णा,

दुपारचे दोन वाजलेत. शटर अर्धं ओढून मी तुमच्याच स्टुलावर बसलेय आणि जॉबकार्डाच्या कोऱ्या बाजूवर लिहितेय. धाकट्या निलेशची फर्स्ट शिफ्ट तीनला सुटते. चारला तो तुमच्या गाडीवर आईला बसवून इथे येईल, हवा भरेल, आणि दोघं नामपूरला मावशीकडे निघतील. त्याआधी मला त्यांना एक गोष्ट सांगायची आहे. तुम्ही जाऊन दोन महिने झाले, तरी ती माझ्या तोंडून बाहेर पडलेली नाही. म्हणून आधी तुमच्यासमोर बोलून बघतेय.

द्वारका चौकाजवळच्या या गल्लीत गॅरेजं काय कमी आहेत? पण हळू चालताना हिसके देणारी गाडी असली की लोक तुमचाच पत्ता विचारत यायचे. त्यात फुलबाजारवाले जास्त. मागे दोन-दोन क्रेट बांधलेले, पुढे माणसांची गर्दी, आणि गाडी चालत्या माणसाच्या चालीने न्यायची. नव्या गाड्यांना तेच जमत नाही. पळव म्हटलं की पळतात, सावकाश चल म्हटलं की मान टाकतात!

तुम्ही हवेच्या सेन्सरच्या वायरीत चिमटीत मावेल एवढा रेझिस्टर टाकायचात. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी विचारलं होतं, "अण्णा, यानं होतं काय?"

"गाडीला सांगायचं, बाहेर थंडी आहे. मग ती पेट्रोलचा एक घोट जास्त घेते आणि शहाण्यासारखी चालते."

"म्हणजे खोटं बोलायचं तिच्याशी?"

"अगं, तिच्या भल्यासाठी!"

त्या खोट्याबद्दल माझी काही तक्रार नाही. ॲव्हरेज थोडं पडायचं, बाकी कुणाचं काही बिघडलं नाही. तक्रार आहे ती दुसऱ्या खोट्याबद्दल.

साइड स्टँड खाली असताना गिअर टाकला की इंजिन बंद पडतं, ते त्या स्टँडजवळच्या सेन्सरमुळे. पण चिखल-पाणी गेलं की तो सेन्सर येडा होतो. स्टँड वर असला तरी खाली आहे म्हणतो, आणि भर गर्दीत गाडी बंद. लोक वैतागायचे. नवीन सेन्सर मागवून चार दिवस थांबायची कुणाची तयारी नसायची. मग तुम्ही सेन्सरच्या दोन वायरी कापून एकमेकींना जोडून टाकायचात. गाडीला वाटायचं, स्टँड कायम वरच आहे. किती सोपं! रेझिस्टर टाकला की सोबत हेही करायचंच, अशी आपल्या गॅरेजची पद्धतच पडली. "स्टँड काय, माणसाच्या लक्षात राहतो," म्हणायचात. तुमची तर ऐटच होती. गाडी निघाल्यावर टाचेनं स्टँड उडवायचा, खाली बघायचंसुद्धा नाही.

का हो अण्णा, एवढा कसला भरवसा होता त्या टाचेवर?

त्या दिवशी तुम्ही ट्रायलला निघालात. स्वतःच्या गाडीत नवा रेझिस्टर टाकला होता ना! ॲक्सिलरेटर न देता, नुसता क्लच सोडून गाडी गल्लीतून बाहेर काढलीत. मान एका बाजूला झुकवून इंजिन ऐकत होतात. चेहऱ्यावर ते हसू. मी इथे दारातच उभी होते. इंजिन इतकं सुरेख चालत होतं की मीही फक्त तेच ऐकत राहिले. स्टँड खाली होता, अण्णा. मी बघितलाच नाही.

पुढे डावीकडे वळताना तो रस्त्याला टेकला आणि गाडी तुम्हाला घेऊन आडवी झाली. पोलीस म्हणाले, खडी होती, वय झालं होतं, घसरले. सगळ्यांनी मान हलवली. मीही हलवली.

गाडी परत आली तेव्हा हँडल वाकलेलं होतं, क्लच लिव्हर तुटलेला. निलेश रडत रडत ते बदलत होता. मी मात्र आधी स्टँड बघितला. टोक घासून चकचकीत झालं होतं. तो पाणी प्यायला गेला तेवढ्यात मी ते कानशीनं गोल करून वर काळा रंग मारला. कोणती मुलगी असं करते? मी केलं.

कारण स्टँडच्या वायरींची ती जोड तुमच्या हातची नव्हती. मोतीबिंदूमुळे तुम्हाला बारीक काही दिसेनासं झालं होतं, ऑपरेशन तुम्ही पुढे पुढे ढकलत होतात. वर्षभर बारीक काम सगळं मीच करत होते. नाव तुमचं, सोल्डरिंग माझं. तुमच्या गाडीच्या स्टँडच्या वायरीसुद्धा तुम्ही सांगितलंत आणि मी जोडल्या. नको म्हणावंसं वाटलं होतं, पण म्हटलं नाही. उलट जोड किती साफ आली म्हणून खूश झाले!

तुमच्या पुण्यानुमोदनाला गिऱ्हाइकं किती आली होती म्हणून सांगू? जो तो जय भीम करून आईला हेच सांगत होता, "अण्णा गेले, पण गाडीत त्यांचा हात आहे." मी मनातल्या मनात गाड्या मोजायला लागले. असे किती हात शहरभर फिरतायत! आता रस्त्यानं चालताना मी माणसांचे चेहरे बघत नाही, गाड्यांच्या डाव्या बाजूला खाली बघत जाते.

मागच्या आठवड्यात ते नामपूरचे कांदेवाले भाऊ आले. पायाचा घोटा सोललेला. म्हणाले, "वळताना खाले काय तरी खटकनं, ताई. वाचनू." मी लगेच पाना हातात घेतला. म्हटलं, सेन्सर नवा टाकून देते, गाडी ठेवून जा. तर त्यांनी माझा हात धरला. "अण्णानी करेल शे ते. हात नको लावू!"

आणि अण्णांनी केलेलं काम म्हणून गाडी तशीच सुरू करून निघूनही गेले. तुमच्या नावापुढे माझं चालत नाही, अण्णा. मेल्यावरही तुम्हीच मालक!

काल निलेश आला तो स्टँड खाली ठेवूनच. कोपऱ्यावरून वळला, दारात थांबला, तेव्हा माझं लक्ष गेलं. मी ओरडले तर हसला. "अगं, अण्णांसारखीच सवय लागली. किती स्मूद चालते बघ ना! ही त्यांची शेवटची सेटिंग आहे, ताई. मरेपर्यंत बदलू देणार नाही."

मरेपर्यंत म्हणाला. आई मागे उभी होती, तीही कौतुकानं हसली.

गुपचूप वायरी तोडायचा विचार केला होता. पण मग उद्या तो पुन्हा कुणाकडून तरी जोडून घेईल, अण्णांची आठवण म्हणून. आणि त्या बाकीच्या गाड्या? त्यांना काय सांगू? खरं सांगितल्याशिवाय कुणीच ऐकणार नाही. खरं म्हणजे एवढंच, की ज्या जोडणीला सगळे तुमची आठवण म्हणून जपतायत, तिनंच तुम्हाला नेलं, आणि ती मी केली होती.

तुमच्यावर रागही आहे हो. तुम्ही शिकवलंत म्हणून शिकले. पण शिकवणारा चुकला तर शिकणाऱ्यानं तोंड उघडायला नको? मी बत्तीस वर्षांची बाई आहे, काही कुकुलं बाळ नाही.

भीती एकाच गोष्टीची आहे. आई माझ्याकडे कशी बघेल? निलेश तर दोन-चार दिवस घरीच येणार नाही. आई ओरडत नाही, तुम्हाला माहीतच आहे. ती बोलणंच बंद करते. कदाचित कायमचं करेल.

पण अण्णा, तुम्हाला वचन देते. चारला गाडी दारात थांबली की आधी किल्ली काढून घेईन. मग त्यांच्यासमोर त्या वायरी सोडवीन, आणि कुणी जोडल्या होत्या ते हात न थांबवता सांगेन. उद्यापासून बाकीच्या गाड्या एकेक करून बोलावीन, तेच सांगेन. आई मग माझ्याशी बोलो न बोलो. न बोलायला का होईना, ती घरात जिवंत असेल.

तुमची,
सुजाता